वेगवेगळ्या शिडाच्या बोटी एकाच रेसमध्ये, क्लास कसे पाडायचे?

खारंवारं:
मुंबई बंदरात आमची दर रविवारी छोटी रेस असते. ५ एंटरप्राइज (दोघांची बोट), ३ लेझर (एकट्याची), ४ ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची छोटी बोट), २ जे-२४ (मोठी, चार-पाच जणांची). सगळ्यांना एकच गन (सुटायचा इशारा), एकच कोर्स, मग पोर्ट्समथ यार्डस्टिकचे नंबर (प्रत्येक प्रकारच्या बोटीचा ठरलेला आकडा, हळू बोटीला मोठा) लावून रिझल्ट, जे-२४ ला आमचाच ठरवलेला नंबर. गेल्या रविवारी मोठ्या बोटीवाले कपडे बदलून चहा घेत होते आणि ऑप्टिमिस्टमधली बारा वर्षांची मुलगी शेवटच्या बोयापाशी ओहोटीत अडकलेली. टॅक मारायची (वाऱ्याच्या तोंडातून वळायची), बोया हाताशी आला वाटायचं, की पाणी परत मागे न्यायचं. वीस मिनिटं हेच, शेवटी रेस्क्यू बोटीने ओढून आणली. हिशोब बरोबर असेल पण हे फेअर नाही ना?

नाखवा_७:
नाहीच. हिशोब काय, लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले बोटीचा नंबर. लेझरचा साधारण ११००, एंटरप्राइजचा ११२० च्या आसपास, ऑप्टिमिस्टचा १६४० धरू. लेझरला ६० मिनिटं लागली तर होतात ५४:३३, एंटरप्राइजला ६२ लागली तर ५५:२१, ऑप्टिमिस्टला ९० लागली तर ५४:५३, म्हणजे पोरगी दुसरी! पण हे सगळ्यांना सारखाच वारा आणि सारखंच पाणी मिळालं तर, आणि ती मागची अर्धा तास एकटीच पाण्यात असते तेव्हा काय बदललं ते नंबरला कसं कळणार. पाणी दोन नॉटने उलट धावत असेल तर तीन नॉटने चालणाऱ्या ऑप्टिमिस्टच्या हातात एकच नॉट उरतो, सहाने चालणाऱ्या जे-२४ कडे चार उरतात. वेगात दुपटीचा फरक होता तो चौपट झाला. म्हणून क्लास पाडताना आधी कोण साधारण एकाच वेळेत घरी येतं ते बघा, लांबी नंतर.

शिडदोर:
+१. एंटरप्राइज आणि लेझर खुशाल एकत्र ठेवा, एवढा फरक नंबर सांभाळतो. त्यांना लांब कोर्स नको, छोट्या लॅप (फेऱ्या) द्या, आणि कोणी एक लॅप मागे राहिला तर त्याला तिथेच फिनिश देऊन सरासरी लॅपवर वेळ काढा, म्हणजे सगळे एकाच वाऱ्यात संपतात. जे-२४ दोन्ही सारख्याच, त्यांना नंबरच कशाला, वेगळी गन आणि बाहेरचा लांब कोर्स, जो आधी आला तो जिंकला. ऑप्टिमिस्टचा त्रिकोण मात्र किनाऱ्याजवळ, पाणी कमी धावतं तिथे, आणि बोये असे टाका की शेवटचा लेग (टप्पा) ओहोटीच्या विरुद्ध नसेल.

खारंवारं:
पण १४ बोटींचे तीन तुकडे केले तर मजा जाते म्हणतात लोक, सगळ्यांची एक रेस हवी असते.

नाखवा_७:
मग महिन्यातून एकदा लेझर-एंटरप्राइजची पर्सूट घ्या, हळू बोट आधी सोडायची, तासाच्या रेसला एंटरप्राइज साधारण एक मिनिट आधी. पुढे जो असेल तो जिंकला, कॅल्क्युलेटर नको. मुलांना त्यात घालू नका. आणि कोळ्यांना विचारून रविवार ठरवा, अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी (भरती-ओहोटीचा जोर कमी) असतं तेव्हा मुलांची मोठी रेस, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात त्यांना आतच ठेवा.

खारंवारं:
हे पटलं. या रविवारी आतला त्रिकोण मी स्वतः टाकतो. त्या मुलीच्या आईला आत्ताच फोन करतो, पोरगी आता येत नाही म्हणत होती.