कॅमेऱ्यापेक्षा उजेड सांभाळा

चांगला कॅमेरा नसेल तर सातवीच्या पोरांना स्टॉप मोशन (वस्तू थोडी थोडी हलवत फोटो काढायचे आणि ते सलग दाखवून फिल्म करायची) शिकवण्यात अर्थ नाही, असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. सेकंदाला 12 फोटो धरले तरी 10 सेकंदांना 120च लागतात, साध्या फोनवर निघतात. खरी गोची उजेडाची. आमच्या कोल्हापुरात पावसाळ्यात ढग आला-गेला की फोन दर फोटोला उजेड आपापला ठरवतो आणि फिल्म लुकलुकते. म्हणून खिडक्या बंद, एकच दिवा, आणि स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक, म्हणजे फोटोचा रेखीवपणा आणि उजेड फोन मध्येच बदलत नाही.

शाडूची बाहुली मात्र नको, वाळली की हात वळवताना तडकते. आम्ही कोल्हापुरी चपलांचा जोडच टेबलावर चालवला. एका पावलाला सहा फोटो, आधी टाच उचलायची. टाचेखाली खोडरबराचा तुकडा, तोही कॅमेऱ्याला दिसू न देता. तो कुठून सरकवायचा यावरच पोरं तासभर भांडली, भारीच!