'कुंबिया रेबाहादा'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहरच्या टॉय सेलेक्टा या संगीत-निर्मात्यावरचा लेख मराठीत आणते आहे. कुंबिया या मूळच्या कोलंबियन नाचसंगीतातलं अकॉर्डियन तसंच ठेवून तो खाली इलेक्ट्रॉनिक डान्सचे ठोके घालतो. अकॉर्डियनवादक सेल्सो पिन्याच्या २००१च्या 'बारिओ ब्राव्हो' या अल्बमवर त्याचा हात आहे. मी अडले ते 'कुंबिया रेबाहादा'पाशी. ही मुद्दाम हळू फिरवून वाजवलेली कुंबिया. मी 'विलंबित कुंबिया' लिहिलं, मैत्रिणीने ते खोडलं. तिचं म्हणणं पटतं का?

पेटीवाला: पटतं. विलंबितात लय संथ होते, पण षड्ज जागचा हलत नाही. इथे तबकडीच हळू फिरते, त्यामुळे लयीबरोबर सूरही खाली येतो, गळा जाडा होतो. 'विलंबित' वाचलं की आपल्या कानात बडा ख्याल सुरू होतो.

शब्दवेडी: मग 'मंद्र कुंबिया'? शब्द आपला, संगीतातलाच.

पेटीवाला: मंद्र हे सप्तक. लयीचं त्यात काही नाही.

चिंचबन: 'उतरलेली कुंबिया' म्हणा. स्पॅनिश 'रेबाहार' म्हणजे खाली आणणं, किंमत कमी करणं. आपल्याकडे भाव उतरतो, सूर उतरतो, तार उतरवतात आणि सेलही उतरतात! आजोळी वीज गेली की टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की बाईचा आवाज बाप्याचा व्हायचा, मग मामा सेल काढून उन्हात ठेवायचा. मॉन्तेरेतही असंच झालं म्हणतात. गाब्रिएल दुएन्येस या सोनिदेरोच्या, म्हणजे तिथल्या गाणी लावणाऱ्याच्या, रेकॉर्ड प्लेअरची मोटर ऐन नाचात तापली, गाणं ओढत वाजू लागलं आणि लोकांना तेच आवडलं. पुढे त्याने तशाच कॅसेटी भरून विकल्या.

शब्दवेडी: 'उतरलेली'ला मराठीत चांगला वास नाही. चेहरा उतरतो, आंबा उतरतो.

चिंचबन: म्हणून 'उतरवलेली'. पहिल्यांदा आपोआप उतरली, नंतर हौसेने उतरवली. एका 'व'त सगळा इतिहास येतो.

रानजाई: हे आवडलं. आणि 'सोनिदेरो'? 'ध्वनिकार' कृत्रिम वाटतं.

गल्लीबोळ: सरळ 'डीजे' लिहा. सोनिदो म्हणजे तिथे स्पीकरांची भिंतही आणि ती लावणारी मंडळीही. आपल्याकडे 'हळदीला डीजे लावला' म्हणतात तेव्हा अख्खी गाडीच डोळ्यांपुढे असते.

रानजाई: पण सोनिदेरो चालू गाण्यावर माइकमधून लोकांची नावं घेऊन सलाम सांगतो. तेच त्याचं खरं काम. 'डीजे'त ते बुडतं.

पेटीवाला: मुळात भाषांतर कशाला? बटाटा, पगार, चावी आपण पोर्तुगिजांकडून घेतलेच ना? 'रेबाहादा'ही रुळेल.

शब्दवेडी: बटाटा ताटात आला म्हणून रुळला. रेबाहादा किती जणांच्या कानावर पडणार? दर वेळी हात टेकले तर मराठीला नवं काही सांगताच येणार नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

गल्लीबोळ: लिंगाचं काय पण? मी 'तो कुंबिया' म्हणतो. तो सालसा, तो भांगडा, तसा तो कुंबिया.

रानजाई: स्पॅनिशमध्ये ती स्त्रीलिंगी आहे.

गल्लीबोळ: स्पॅनिशचं लिंग मराठीला कशाला लागू? मराठीत ऐकणाऱ्याचा कान ठरवतो.

चिंचबन: माझ्या कानाला 'ती'च. लावणी ती, कव्वाली ती.

पेटीवाला: त्या ईकारान्त आहेत. 'क्रिया', 'विद्या' घ्या, म्हणजे 'ती'ला आधार मिळेल.

गल्लीबोळ: आणि 'रुपया'?

रानजाई: मंडळी, मजकूर उद्या द्यायचा आहे. 'उतरवलेली' ठेवू का?

देवगडकर: उशिरा वाचलं. वर आंबा उतरतो म्हणजे बिघडतो असं आलंय. आमच्याकडे आंबे उतरवतात म्हणजे झाडावरून काढतात, घळाने, एकेक जपून. बिघडलेल्याला 'उतरलेला' नेमकं कुठे म्हणतात?