धार्मिक संस्था आणि वस्तीविकास: बडोद्याचं एक उदाहरण

या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की धार्मिक संस्था वस्तीत येतात, खिचडी वाटतात, फोटो काढतात नि जातात. अर्धं पटलं. पण बडोद्याचं एक जुनं उदाहरण इथे कुणीच दिलं नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी (१९४७ चं शांततेचं नोबेल ज्यांना मिळालं त्यातली एक संस्था) इथे आली होती, शहरी वस्त्यांमध्ये काम करायला, आणि बडोदा सिटिझन्स कौन्सिल ही वस्त्यांमध्ये काम करणारी स्थानिक संस्था उभी राहिली त्यात त्यांचा हात होता. धर्मप्रचार नाही, वाटपावर भरही नाही, लोकांनी स्वतः एकत्र येऊन आपली कामं ठरवावीत हा त्यांचा आग्रह.

आमचं भजनी मंडळ मात्र हे फार उशिरा शिकलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा आम्हीही खिचडीच घेऊन गेलो, तर एक काकू सरळ म्हणाल्या, भाऊ, सकाळपासून तिसरी खिचडी आहे ही, माझं रेशनकार्ड भिजून लगदा झालंय त्याचं बघा ना कोणी! मग काय, टाळ बाजूला ठेवून आमच्यातले दोन रिटायर्ड क्लार्क रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून फॉर्म भरायला लागले, आधार, रेशन, पासबुक, जे येईल ते. भजनाला कधी येत नाहीत ती माणसं त्या ओट्यावर यायला लागली, आणि मुसलमान मोहल्ल्यातल्या बायकाही, कुणी काही विचारलं नाही. खिचडीचा खर्च वाचला तो झेरॉक्सवर गेला.