तुकोबांचा ‘देव मेला’ कसा समजून घ्यायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या रविवारी मला तुकोबांवर बोलायचंय आणि मी ‘माझे लेखी देव मेला’ या अभंगावर अडलोय. कट्ट्यावरच्या एकाने लगेच जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे आणला. पण नीत्शेने ‘देव मेला’ लिहिलं ते १८८२ साली, तुकोबांना जाऊन तेव्हा सव्वादोनशेच्या वर वर्षं झाली होती. शिवाय त्याचा रोख युरोपातली श्रद्धा आटण्यावर होता. तुकोबांचं भांडण तर थेट विठ्ठलाशी! मेलेल्याशी कोण भांडतं?

आई माळकरी. ती म्हणते, हा लाडाचा रुसवा, लेकरू आईला ‘मेलीस तू मला’ म्हणतं ना, तसा. मला पटतं, पण पूर्ण नाही. कारण देव आहे असं वाणीने म्हणावं नि मनात ‘नाही’ असा अनुभवावा, असंही तुकोबाच म्हणतात. तो काही रुसवा वाटत नाही. मग ते अद्वैत (देव नि भक्त वेगळे नाहीतच) म्हणायचं की खरी शंका?

गाथेत साडेचार हजारांवर अभंग, तेही कालक्रमाने नाहीत, त्यामुळे आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, हे कळायला मार्ग नाही. वारकरी फडावर याचं निरूपण कुणी ऐकलंय का? कसं केलं होतं? सोपी सार्थ गाथाही सुचवा.