मदत हवी आहे: वीज तोडायची नोटीस आलीय, ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडून तातडीची स्थगिती मिळते का?

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे. गेल्या महिन्यात वीज कंपनीचं पथक मीटर तपासून गेलं. सीटीचा (मीटरला जोडलेल्या करंट ट्रान्सफॉर्मरचा) गुणक, म्हणजे मीटरच्या आकड्याला ज्याने गुणून युनिट काढतात ती संख्या, 2 हवा होता, बिलात 1 लागत होता. म्हणजे तीन वर्षं निम्म्या युनिटचंच बिल येत होतं. चूक त्यांच्या कार्यालयाची, पण 36 महिन्यांच्या फरकाचे 18 लाख आमच्या माथी आणि सोबत कलम 56 ची नोटीस. मुदत गुरुवारी संपते.

आतला माल शेतकऱ्यांचा. थंडावा गेला की बेदाणा काळपट पडतो, मग सौद्यात कोण विचारतो?

विद्युत कायदा, 2003 वाचला. कलम 56(1) चं परंतुक सांगतं की वाद असेल तर मागितलेली रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने 'दर महिन्याचं' देणं, यांतलं कमी ते हरकत नोंदवून भरलं तर वीज तोडता येत नाही. आमची सरासरी 50 हजार. मी समजलो, तेवढे भरले की झालं. उपविभागातले साहेब म्हणतात, 50 हजार गुणिले 36. म्हणजे फिरून 18 लाखच! मग ते परंतुक कशाला ठेवलंय? कुणी असे पैसे भरून वीज वाचवलीय का?

56(2) मधल्या थकबाकी वसुलीच्या दोन वर्षांच्या मुदतीवर फार मदार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा रहमतुल्ला खान निकाल (वसुली करा, पण जुन्या फरकासाठी वीज तोडू नका) वाचून जीव भांड्यात पडला होता. 2021 च्या प्रेम कॉटेक्स निकालाने त्यावर पाणी फिरवलं. तिथेही गुणकच चुकला होता, 10 ऐवजी 5, आणि ग्राहक हरला. पैसे द्यावे लागले तर हप्त्याने देऊ. निकालापर्यंत वीज तेवढी राहू दे.

प्रतिसाद: आधी बिल बघा. आकारणी कलम 126 (अनधिकृत वीजवापर) खाली असेल तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच तक्रार घेणारच नाही. नसेल तर तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाची मागणी करा. एरवी मंच समोरच्याला ऐकूनच आदेश देतो, पण उशीर झाल्यास आदेशाला अर्थच उरणार नसेल तर आधीही देऊ शकतो. म्हणून मालाच्या पावत्या जोडा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका: चालू बिल आणि ते 50 हजार हरकतीच्या पत्रासह उद्याच भरा, पोच घ्या. गुणाकाराचं भांडण मंचापुढे करा.

धागाकर्ता: 126 नाही, आत्ताच पाहिलं. आभारी आहे दादा. उद्या पैसे घेतलेच नाहीत तर?

प्रतिसाद: डीडी काढून पत्रासकट आवक विभागात द्या. तिथेही नाही म्हणाले तर स्पीड पोस्ट.