एकाच डिस्कवर अनेक रेड-संच: पुनर्बांधणीच्या वेळी काय घडते

८ टीबीच्या चार डिस्कचे प्रत्येकी चार भाग पाडून लिनक्समध्ये चार स्वतंत्र रेड-५ संच (एक डिस्क गेली तरी माहिती वाचावी अशी जोडणी; प्रत्येक संचात प्रत्येक डिस्कचा एकेक भाग) करावेत आणि ते एलव्हीएमने (अनेक संचांची मिळून एक मोठी साठवण करणाऱ्या साधनाने) जोडावेत, या सूचनेला थोडी पुस्ती जोडतो. एखाद्या भागावर लेखन अयशस्वी झाले, तर एमडी ड्रायव्हर (लिनक्समधली रेड सांभाळणारी प्रणाली) तेवढाच भाग संचाबाहेर काढतो आणि उरलेले तीन संच शाबूत राहतात, हा या रचनेचा खरा फायदा आहे. मात्र संपूर्ण डिस्कच बंद पडली, तर चारही संच एकदम दुबळे (एका डिस्कविना चालणारे) होतात आणि पुनर्बांधणीचा, म्हणजे बदली डिस्कवर माहिती पुन्हा भरण्याचा, एकूण वेळ काही कमी होत नाही. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी सुमारे १५ तास लागतात. त्यातही, एकाच डिस्कवरचे संच ड्रायव्हर एकामागून एक बांधतो, म्हणून एमडीस्टॅटमध्ये (संचांची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) बाकीचे संच ‘डिलेड’ (आपली पाळी येण्याची वाट पाहणारे) दिसले तर घाबरू नये. तसे नसते, तर डिस्कचे हेड सारखे इकडून तिकडे धावत राहिले असते. याच कारणासाठी हे संच एलव्हीएममध्ये स्ट्राइप न करता (माहितीचे तुकडे आळीपाळीने सर्व संचांवर न पसरता) सलगच जोडावेत. वीज गेल्यानंतरच्या लांबलचक रीसिंकच्या (संचातल्या डिस्कवरची माहिती पुन्हा जुळवण्याच्या) धास्तीनेच भाग पाडायचे असतील, तर नुसत्या राइट-इंटेंट बिटमॅपनेही (कुठे लेखन चालू होते याच्या नोंदीनेही) काम भागते. शेवटच्या भागामागे १०० एमबी जागा मोकळी ठेवावी, कारण बदली डिस्क किंचित लहान निघाली, तर त्या संचात ती बसणारच नाही.