कोर्चाकची आठवण फक्त त्या शेवटच्या चालण्यापुरतीच का?

शाळूमास्तर

नमस्कार मंडळी. परवा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी यानुश कोर्चाकबद्दल फॉरवर्ड टाकला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पोलंडमधले बालरोगतज्ज्ञ, लेखक, वॉर्सात ज्यू अनाथ मुलांचं घर चालवायचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझी घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना भिंतीआड कोंडलेल्या वस्तीतून, या मुलांना न्यायला आले तेव्हा स्वतः सुटायची संधी असूनही हे सुमारे दोनशे मुलांबरोबर चालत स्टेशनवर गेले आणि त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत सगळे मारले गेले. ग्रुपवर चाळीस हात जोडलेले इमोजी आले आणि विषय संपला.

मला हे खटकतं. तो माणूस १९१२ पासून ते घर चालवत होता, क्रोखमाल्ना रस्त्यावर, साधारण शंभर मुलं. म्हणजे तीस वर्षांचं काम, आणि आपण लक्षात ठेवतो ते शेवटचे काही तास. त्या तीस वर्षांत त्यांनी केलं काय तर मुलांचं कोर्ट काढलं. न्यायाधीश म्हणजे पाच मुलं, ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही अशांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली. कुणावर खटला भरायचा असेल तर फळ्यावर आपलं नाव आणि समोरच्याचं नाव लिहायचं, बस. आणि मुख्य म्हणजे खटला मोठ्यांवरही भरता यायचा. कोर्चाकनीच लिहून ठेवलंय की सहा महिन्यांत ते स्वतः पाच वेळा त्या कोर्टापुढे उभे राहिले: एकदा मुलाच्या कानाखाली मारली म्हणून, एकदा एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून, एकदा कोपऱ्यात उभं केलं म्हणून, एकदा एका न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून आणि एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून.

हा पाचवा खटला वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. मी बावीस वर्षं शिकवतोय. खूप आधी, वेगळ्या शाळेत असताना, एका मुलाची कंपासपेटी हरवली आणि मी मागच्या बाकावरच्या एकाला सगळ्यांसमोर उभं करून त्याचं दप्तर उपडं केलं. दप्तरात एक स्टीलचा डबा, दोन वह्या आणि पेपरात गुंडाळलेली चप्पल निघाली, तुटलेली, बहुतेक शिवायला न्यायची असेल. पेटी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सापडली. त्या पोराला माझ्याविरुद्ध कुठे जाऊन बोलायची काहीही सोय नव्हती आणि मीही गप्प बसलो. तर माझं म्हणणं असं की कोर्चाक शिक्षक म्हणून शिकायचे असतील तर त्या कोर्टापासून सुरुवात करा, मरणापासून नको. तुम्हाला काय वाटतं?

चाफेकळी

सर, तुमची तळमळ कळते पण मला हे अर्धवट वाटतंय, स्पष्टच लिहिते. मी सातवीला शिकवते, वर्गात ६३ मुलं आहेत, ३५ मिनिटांचा तास, त्यात हजेरी, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं. कोर्चाककडे मुलं चोवीस तास राहायला होती, रात्री ताप आला तर तेच बघायचे, दर आठवड्याला वजन करायचे. तिथे कोर्ट चालतं कारण आधी नातं आहे. आमच्याकडे मूल पाच तास येतं आणि घरी जाऊन सांगतं बाई ओरडल्या, की दुसऱ्या दिवशी पालक गेटवर हजर. यात अजून एक कोर्ट काढलं तर मी शिकवू कधी?

आणि कायदा आहेच की. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी. मुलांना हक्क नाहीत असं नाही.

शाळूमास्तर

@चाफेकळी, ६३ मुलांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, त्यावर मी वाद घालणार नाही. पण कलम १७ मुलाच्या हातात कुठे असतं हो? ते पालकांच्या, अधिकाऱ्यांच्या, फार झालं तर पत्रकाराच्या हातात असतं. बाराव्या वर्षाच्या मुलाने त्या कलमाचं करायचं काय? तिथे मुलाला फक्त फळ्यापर्यंत जायचं होतं.

दुसरं म्हणजे कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शिक्षा येते, ते तसं नव्हतं. त्यांची जी संहिता होती तिची पहिली ९९ कलमं जवळपास सगळी माफीची आहेत. तक्रार मागे घेतली, चूक झाली पण मुद्दाम नाही, पहिल्यांदाच झालं, आता त्याला कळलंय, असं करत करत ९९. मग थेट कलम १००, ज्यात कोर्ट इतकंच म्हणतं की हो, याने हे केलं. तिथून शंभराच्या उड्या. दोनशे म्हणजे चूक केली, तीनशे म्हणजे वाईट वागला, असं चढत हजारापर्यंत. हजार म्हणजे घरातून काढणं. त्याच्या आधी नऊशेला काय, तर कोर्टाची आशा संपली, पण तुझी हमी घेणारं कुणी शोध. म्हणजे दार बंद करायच्या आधी कुणीतरी तुझ्या बाजूने उभं राहतंय का ते बघायचं. हे मला फार मोठं वाटतं. कोर्चाक डॉक्टर होते म्हणून असेल, रोग आणि रोगी त्यांनी वेगळे ठेवले.

वाटसरू_८१

मास्तर, मी तुमच्या मूळ मुद्द्यालाच विरोध करणार. मरण आणि काम असे दोन डबे करताय ते चुकतंय. ज्या माणसाने तीस वर्षं मुलाला माणूस म्हणून वागवलं तो शेवटच्या दिवशी त्यांना गाडीत बसवून घरी जाईल का? ते चालणं हेच त्यांच्या शिकवण्यातलं शेवटचं पान आहे. ते फाडून बाकीचं पुस्तक वाचा म्हणणं मला पटत नाही.

त्याच्या आधीचे आठवडे बघा. १८ जुलै १९४२ ला त्यांच्या मुलांनी घेट्टोत रवींद्रनाथांचं डाकघर केलं. अमल, आजारी मुलगा, वैद्याने खोलीबाहेर जायला बंदी केलेली, खिडकीतून दहीवाल्याशी बोलतो, पहारेकऱ्याशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट बघतो. बाहेर भिंत, आत उपासमार, आणि पोरं ते नाटक बसवतायत. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेट्टोतून माणसं न्यायला सुरुवात झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. अशा माणसाच्या शेवटाबद्दल लोकांनी हात जोडले तर त्यात वाईट काय?

रानजाई

वाटसरूंना अनुमोदन, पण एक राहतंय, कुणीच तिचं नाव घेतलं नाही म्हणून लिहिते. स्तेफानिया विल्चिन्स्का. ते घर पहिल्या दिवसापासून तिने चालवलं. बेल्जियममध्ये शिकून आलेली. पहिल्या महायुद्धात कोर्चाक सैन्यात डॉक्टर म्हणून गेले तेव्हा ती सगळी वर्षं घर तिच्या एकटीच्या अंगावर होतं. कपडे, जेवण, अंघोळी, कुणाची चप्पल फाटली, कुणाचा दात दुखतोय, रात्रीची फेरी, सगळं ती. पुढे ती पॅलेस्टाइनला गेली होती, तिथे राहू शकली असती, १९३९ मध्ये परत आली. आणि ऑगस्टमध्ये ती पण मुलांबरोबर चालत गेली. तुमच्या फॉरवर्डमध्ये "कोर्चाक आणि दोनशे मुलं" असतं, त्यात ती कुठे? बाकीचे कर्मचारी कुठे?

मरणाची गोष्ट सांगा म्हणणाऱ्यांनी आणि कामाची सांगा म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही एकाच माणसाची गोष्ट केलीय. कोर्टाची कल्पना त्यांची असेल, पण ते चालायला सकाळी सहाला कुणीतरी उठून शंभर मुलांच्या नाश्त्याचं बघावं लागतं ना.

शाळूमास्तर

रानजाई, चूक मान्य. मी पण तेच केलं, विल्चिन्स्काबाईंचं नाव धाग्यात यायलाच हवं होतं.

वाटसरू, डाकघरचं मला माहीत होतं आणि ते वाचून मीही हललो. पण माझी अडचण वेगळी आहे. मरणाला हात जोडले की आपली सुटका होते. तसं मरण आपल्यावर येणार नाही, मग तसं धैर्य दाखवायची वेळही येणार नाही. पण "मी चुकलो, माझ्यावर खटला भर" हे म्हणायची वेळ माझ्यावर दर आठवड्याला येते. ते अवघड आहे आणि ते टाळता येतं, म्हणून मी त्यावर जोर देतोय.

करवीरकर

थोडं अवांतर. पोलंड, मुलं आणि युद्ध म्हटलं की आम्हा कोल्हापूरकरांना वळिवडे आठवणारच. १९४३ ते ४८ तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियापर्यंत हाकलून दिलेली माणसं, फिरत फिरत पंचगंगेकाठी आली. आणि त्या छावणीत त्यांनी शाळा चालवल्या, पोलिश भाषेत. माझे आजोबा सांगायचे की स्टेशनच्या बाजूला गोरी पोरं रांगेत गाणी म्हणत जायची. कोर्चाकचा याच्याशी थेट संबंध नाही हे मला माहीतय, पण घरदार गेलं तरी पहिली शाळा उभी करायची हे त्या लोकांच्या रक्तातच असावं असं वाटतं. रशियन झारच्या काळात वॉर्सात बायकांसाठी चोरून विद्यापीठ चालायचं, घराघरांत, पत्ते बदलत, म्हणून त्याला उडतं विद्यापीठ म्हणायचे. मेरी क्युरी, म्हणजे तेव्हाची मारिया स्क्वोदोव्स्का, तिथेच शिकली.

शाळूमास्तर

करवीरकर, सुंदर. यावर वेगळा धागा काढाच.

चाफेकळी

परत येते कोर्टावर. काल रात्री बसून थोडं वाचलं, आणि सर, तुम्ही एक बाजू सांगताय. ते कोर्ट मध्यंतरी काही काळ बंद ठेवावं लागलं होतं हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुलं क्षुल्लक गोष्टींवर खटले भरत होती, काहींना त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं. म्हणजे जिथे कल्पना जन्मली तिथेसुद्धा ती सरळ चालली नाही.

आणि दुसरं, हे मला जास्त लागलं. तिथे मतदान व्हायचं. प्रत्येक मुलाबद्दल बाकीच्या मुलांनी सांगायचं: आवडतो, आवडत नाही, किंवा काही वाटत नाही. अधिक, उणे, शून्य. आणि त्यावरून मुलाचा दर्जा ठरायचा, कुणी सोबती, कुणी नुसता रहिवासी, आणि खालच्या टोकाला त्रासदायक नवखा. आता विचार करा, आई-बाप नसलेलं आठ वर्षांचं मूल, आणि त्याला कळतंय की ऐंशी जणांनी आपल्याला उणे दिलंय. याला आदर म्हणायचं? माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तोतरं बोलते, तिच्यावर असं मतदान घेतलं तर ती शाळेत परत येणार नाही. मी स्वतः लहानपणी जाड भिंगाचा चष्मा लावायचे, खेळात कुणी घ्यायचं नाही, ते उणे मला अजून आठवतं, त्यासाठी कुणी कागदावर लिहायची गरज नव्हती.

शाळूमास्तर

कोर्ट बंद ठेवल्याचं मी लिहायला हवं होतं, बरोबर. पण बाई, ते बंद पडलं हे आपल्याला कळलं कुठून? कोर्चाकनीच लिहून ठेवलं म्हणून. बंद करून, विचार करून, बदल करून त्यांनी परत सुरू केलं. मला त्यात त्यांचा मोठेपणाच दिसतो. आपण कुठला उपक्रम फसला तर अहवालात "उत्स्फूर्त प्रतिसाद" लिहून मोकळे होतो.

मतदानाबद्दल... मी बचाव करू शकतो की नवीन मुलाला वर्षभर वेळ मिळायचा, सुधारायची संधी होती, दर्जा बदलता यायचा. पण तुमच्या त्या मुलीचं वाचलं आणि बचाव लिहून खोडला. ते मलाही नको वाटतं.

वाटसरू_८१

हेच म्हणतोय मी. पद्धती चुकू शकतात, काळाबरोबर जुन्या होतात. कोर्ट, मतदान, संहिता, सगळं १९२० च्या आसपासचं. माणूस टिकतो. १९३६ मध्ये ज्यूद्वेष वाढला तेव्हा त्यांचा रेडिओवरचा कार्यक्रम बंद झाला. तिथे तर ते "म्हातारा डॉक्टर" म्हणूनच बोलायचे, नाव न सांगता. तरी ते कडवट झाले नाहीत, मुलांकडे परत गेले. मला ते माणूसपण पुरतं.

रानजाई

नाही वाटसरू, इथे मी मास्तरांकडे. माणूस टिकतो म्हणून सोडून दिलं तर पोलंडने १९७८ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे बालहक्कांच्या कराराचा प्रस्ताव ठेवला नसता आणि १९८९ ला तो करार झाला नसता. मुलाला आदराचा हक्क आहे हे कोर्चाकनी १९२९ मध्येच पुस्तकाच्या नावात लिहिलं होतं. नुसतं चांगला माणूस होता म्हणून कायदे होत नाहीत, कुणीतरी फळा, पेटी, चिठ्ठ्या अशी घरगुती खटपट करून दाखवावी लागते.

चाफेकळी

पेटीवरून आठवलं, मला सगळ्यात पटलं ते तेच. त्यांच्या घरात मुलांसाठी पत्रपेटी होती, मोठ्यांना काही सांगायचं तर लिहून टाकायचं. त्यांनी म्हटलंय की त्याने मूल थांबायला शिकतं, किरकोळ काय आणि महत्त्वाचं काय हे स्वतः ठरवतं. आणि माझ्यासारखीला पण बरं, एकाच वेळी वीस जण "बाई बाई" करत पदर ओढत नाहीत, संध्याकाळी शांतपणे वाचता येतं.

मुख्याध्यापकांना विचारलं, ते हो म्हणाले. बुटाच्या खोक्याला फट पाडून सोमवारी वर्गात ठेवतेय. नाव लिहायची सक्ती नाही, आणि माझ्याविरुद्धही लिहिता येईल असं सांगणार आहे. पण सर, कोर्ट मला अजून पटलेलं नाही, आणि ते मतदान तर नाहीच नाही.

शाळूमास्तर

चालेल. पहिल्या आठवड्यात फारसं काही येणार नाही, खोकं काढू नका. आणि तुमच्याविरुद्धची पहिली चिठ्ठी आली की इथे नका लिहू, त्या मुलालाच उत्तर द्या.